हिरव्या पट्टीची पाकिटं

मार्लिस एंगेब्रेटसनला डोंगरवाटेवर कुणी मार्लिस म्हणत नसे. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणाऱ्या या वाटेचा रिवाजच तसा आहे. घरचं नाव घरी ठेवून यायचं. इथले लोक तुम्हाला दोन-चार दिवस न्याहाळतात, तुमची एखादी खोड हेरतात आणि तुम्हाला नवं नाव ठेवतात. ते आवडलं नाही असं तुम्ही सांगितलंत, की ते जास्तच पक्कं बसतं. मार्लिसचं नाव पडलं हजेरी. विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात तिनं उभं आयुष्य शाळेची बस चालवली होती, आणि पोरं मोजायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. संध्याकाळी निवाऱ्यात माणसं जमली की हातातला चमचा एकेकाकडं करत ती पुटपुटायची. सकाळी खुरपं घेऊन परसाकडं झाडीत गेलेला माणूस लवकर परतला नाही, तर ती त्याच्या नावानं हाका मारायची. मग त्या बिचाऱ्याला आहे त्या अवस्थेत झाडीतून "आहे, आहे" असं ओरडून सांगावं लागायचं.

निवारा म्हणजे तीन भिंती, एक छप्पर आणि चौथ्या बाजूनं येईल ते हवामान. त्यात दहा माणसं डब्यातल्या सार्डिन माशांसारखी ओळीनं झोपतात, आणि उजाडायच्या सुमाराला कुणीतरी पहिला आपल्या गादीतली हवा सोडतो. त्या फुस्स आवाजावर अख्खा निवारा जागा होतो. कालचे ओले मोजे आजही ओलेच असतात, फक्त आता गारही झालेले असतात, आणि ते पायात चढवताना सुशिक्षित माणसांच्या तोंडून जे शब्द निघतात ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. अस्वलाच्या भीतीनं फांदीला टांगलेल्या जेवणाच्या पिशव्या खाली उतरतात. कॉफी होते. पाय तपासले जातात, एकमेकांचे फोड बघून कौतुक केलं जातं. मग पाठीवर बिऱ्हाड चढवायचं आणि वाटेची खूण म्हणून झाडांवर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्या बघत दिवसभर चालायचं. चालताना बोलायचे विषय दोनच: काय खावंसं वाटतंय, आणि खाल्लेलं नीट बाहेर पडलं का. वकील असो, नर्स असो, नाहीतर चर्चमधला पाद्री असो, आठवड्याभरात सगळे याच दोन विषयांवर येतात.

मार्लिसच्या आयुष्यात यातला पहिला विषय फार अवघड होऊन बसला होता, आणि त्याला कारण तिचा नवरा.

खरं तर ही वाट व्हर्लिनची. तरुणपणापासून त्यानं गॅरेजच्या भिंतीवर या वाटेचा लांबलचक नकाशा लावून ठेवला होता. दोघं निवृत्त झाली की एकत्र चालायची असं ठरलेलं होतं. तो निवृत्त झाला आणि त्याच हिवाळ्यात त्याच्या हृदयाची झडप बदलावी लागली. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर कुत्रा फिरवा, डोंगराचं नाव काढू नका. घरात कुत्रा नव्हता. व्हर्लिन दोन आठवडे नकाशाकडं पाठ करून गॅरेजमध्ये बसला आणि मग एका सकाळी नाश्त्याला म्हणाला, "तू जा. जेवणाचं मी बघतो."

आणि त्यानं बघितलं. चीजच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात जन्म घालवलेला माणूस तो, एखादी गोष्ट बघतो म्हणाला की मग विचारायची सोय नाही. चर्चच्या जेवणात त्याची एक पाककृती नावाजलेली होती: रताळी, लाल राजमा, भात, टर्कीचा खिमा आणि कुणाला न सांगता टाकलेली दालचिनी. ते त्यानं पहिल्या खेपेला पातेली भरभरून शिजवलं, तळघरात वाळवणाचं यंत्र बसवून वाळवलं, पाकिटांत भरलं आणि प्रत्येक पाकिटावर कारखान्याच्या सवयीनं हिरवी चिकटपट्टी लावून तोंड बंद केलं. उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, जरा थांबायचं, की झालं जेवण. संपूर्ण वाटेचं. जॉर्जियापासून मेनपर्यंत, सहा महिने, रोज रात्री, तेच. "बदल कशाला? चांगली गोष्ट आहे ती चांगलीच राहते," व्हर्लिनचं म्हणणं. वाटेवरच्या गावागावांत तो नव्या खेपा शिजवून पोस्टानं खोकी पाठवणार आणि मार्लिस ती उचलणार. निरोप देताना तो बसच्या खिडकीशी येऊन म्हणाला होता, "मी नाही चालू शकत. पण रात्री जेवताना मी आहे म्हण."

हे वाक्य मार्लिसच्या मानगुटीवर बसलं.

जॉर्जिया संपेपर्यंत तिनं ते अन्न प्रेमानं खाल्लं. उत्तर कॅरोलिनात निष्ठेनं खाल्लं. टेनेसीत एका पावसाळी संध्याकाळी तिनं झाकण काढलं, दालचिनीची वाफ नाकात गेली आणि पोटानं साफ सांगितलं, की यापुढं मी जबाबदार नाही. तरी तिनं ते गिळलं, आणि वाटेच्या शिस्तीप्रमाणं भांड्यात पाणी ओतून, बोटानं विसळून, ते नारिंगी पाणीही पिऊन टाकलं. डोंगरात खरकटं टाकायचं नाही हा इथला पहिला नियम. शेजारी तिची सोबतीण बसली होती, ऑरेगनची नर्स टॅमसिन. जॉर्जियातच एक मोजा हरवून ती उरलेला जन्म विजोड मोजे घालून चालत होती, म्हणून तिचं नाव मोजा. मोजानं हे सगळं पाहिलं आणि मवाळ आवाजात म्हणाली, "अगं हजेरी, रडतेयस का तू?"

"कांदा आहे त्यात," मार्लिस म्हणाली. कांदा नव्हता.

पुढच्या गावात मार्लिसनं दुकानातून नूडल्स घेतल्या, शेंगदाण्याचं लोणी घेतलं, पोळ्या घेतल्या, चॉकलेटं घेतली, आणि पोस्टातून व्हर्लिनचं खोकंही घेतलं. आता ही पाकिटं ठेवायची कुठं? व्हर्लिनच्या हातचं अन्न कचऱ्यात टाकायला तिचा हात धजेना. त्यावर इथं तोड आहे. वाटेवरच्या प्रत्येक हॉस्टेलात एक मोठी पेटी असते. ज्याला जे नको ते त्यानं तिच्यात टाकायचं, ज्याला हवं त्यानं उचलायचं. सगळे तिला फुकटपेटी म्हणतात. तिच्यात अर्धी टूथपेस्ट असते, एकटी चप्पल असते, पिशवीत बांधलेली अनोळखी पांढरी पूड असते, आणि ती ओट्सची आहे की कपडे धुवायची हे खाऊनच कळतं. मार्लिसनं इकडंतिकडं बघून पाकिटं तिच्यात सोडली आणि एखादं बाळ देवळाच्या पायरीवर ठेवून आलेल्या बाईसारखी झपाझप चालू लागली.

फोनचं काम त्याहून कठीण होतं. दर गावातून घरी फोन करायचा, आणि व्हर्लिन हवापाण्याचं विचारायचा ते नावापुरतं. त्याचा खरा प्रश्न पुढं असायचा.

"मीठ कसं झालंय?"

"अगदी बरोबर."

"या खेपेला मी दालचिनी किंचित वाढवली होती. कळली का?"

"कळली ना. छान वाटली," मार्लिस म्हणायची आणि समोर बसलेली मोजा कपाळावर हात मारून घ्यायची.

व्हर्जिनियात एकदा मार्लिसनं ठरवलं, की खोटंही बोलायचं नाही आणि त्याला दुखवायचंही नाही. पाकिटं पुरतात का असं त्यानं विचारल्यावर ती म्हणाली, "अरे, गावात पोचले की लगेच संपतात." शब्दन् शब्द खरा होता. पलीकडं व्हर्लिन गहिवरला. बाई उपाशी चालतेय आणि तोंडातून तक्रार नाही. पुढच्या गावी पोस्टातल्या माणसानं काउंटरखालून दुप्पट आकाराचं खोकं काढलं, तेव्हा मार्लिस तिथंच बाकावर बसली.

तोपर्यंत तिच्या आगेमागे चालणाऱ्या सगळ्यांनी एकेकदा उपकार म्हणून व्हर्लिनचं ते अन्न, म्हणजे त्यांच्या भाषेत 'नारिंगी', खाऊन पाहिलं होतं. चवीला वाईट नव्हतं ते, पहिल्या तीन वेळा. आता हिरवी पट्टी दिसली की लोक दुसरीकडं बघायचे. डोंगरातला चालणारा माणूस म्हणजे काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच याचा अर्थ कळेल. हे लोक जमिनीवर पडलेलं चॉकलेट माती झटकून खातात. सहलीला आलेल्या कुटुंबाच्या टेबलाभोवती उगाच घुटमळतात, उरलेलं सँडविच मिळेल म्हणून. त्यांनी नाकारलेलं ते एकच अन्न असावं. आणि तरी मार्लिसला एक समाधान होतं. मागाहून येणाऱ्यांकडून कळायचं, की फुकटपेटीत नारिंगी शिल्लक राहिलेलं नाही. कोण नेतं कुणास ठाऊक. मोजाचं मत होतं, की अस्वलं.

ऑगस्टमध्ये व्हर्माँटात शिरल्यावर तिनं एका खेड्यातून व्हर्लिनला फोन केला, तर तो उचलेना. दुसऱ्यांदा केला. उचलला तेव्हा मागून गाड्यांचा आवाज येत होता.

"कुठं आहेस तू?"

"न्यूयॉर्क राज्यात. आपल्या छोट्या ट्रकमध्ये," व्हर्लिन म्हणाला. "डॉक्टरांनी डोंगरात चालू नको म्हटलंय, गाडी चालवू नको कुठं म्हटलंय? उद्या तुझ्या हॉस्टेलवर येतो. आणि ऐक, या खेपेला वाळवलेलं नाही. मोठं पातेलं आणि शेगडी घेऊन निघालोय. ताजं करून घालतो सगळ्यांना."

मार्लिसनं फोन ठेवला आणि मोजाकडं पाहिलं. मोजा म्हणाली, "आत्ताच सांगून टाक त्याला. गाडी थांबवायला सांग, बाजूला घ्यायला सांग आणि सांगून टाक." मार्लिसला ते पटत होतं. पण हृदयाची झडप बदललेल्या माणसाला हमरस्त्यावर हे ऐकवायचं कसं? आणि तोंडावर तर त्याहून कसं? रताळ्याचं दुःख नव्हतंच तिला. त्या माणसानं आपला चालायचा वाटा रोज तळघरात उभं राहून शिजवला होता आणि तिनं तो गावोगावी टाकून दिला होता. हे कळलं की तो काही बोलणार नाही, तो गॅरेजमध्ये जाऊन बसेल, हे तिला माहीत होतं, आणि तेच तिला सहन होणार नव्हतं.

शेवटी तिनं हॉस्टेलच्या ओसरीवर सगळ्यांना गोळा केलं, मोजलं आणि बजावलं. कुणी नारिंगी शब्द उच्चारायचा नाही. हिरव्या पट्टीकडं बोट दाखवायचं नाही. सगळ्यांनी शपथ घेतली. तो कपडे धुवायचा दिवस होता. चालणाऱ्याकडं अंगावरच्या कपड्यांखेरीज कपडे नसतात, त्यामुळं ते यंत्रात गेले की सगळी मंडळी नुसता रेनकोट आणि त्याची विजार घालून बसतात. भर उन्हात, आकाशात ढग नसताना, रेनकोट घातलेली सात माणसं गंभीर चेहऱ्यानं शपथ घेत होती. हॉस्टेलची मालकीण खिडकीतून बघत होती. तिनं याहून विचित्र प्रकार पाहिलेले होते.

व्हर्लिन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. ट्रकमधून उतरला तो हडकुळ्या, उन्हानं काळवंडलेल्या बायकोकडं बघतच राहिला. तिच्या अंगाला येणारा वास धुण्यानंही गेला नव्हता, तरी तो तिला बराच वेळ मिठीत धरून उभा होता. "वाळलीस गं," एवढंच म्हणाला, आणि लगेच शेगडी लावायला लागला. पातेलं चढलं. रताळी शिजली. दालचिनीचा वास ओसरीवरून अंगणात, अंगणातून तंबूंत पोचला, आणि जन्मात कधी घडलं नव्हतं ते घडलं. चालणारी माणसं अन्नाच्या वासानं लांब जाऊ लागली.

पातेल्याशी डाव घेऊन उभा राहिलेला व्हर्लिन एकेकाला हाक मारत होता. एकजण म्हणाला, पोट बिघडलंय. दुसरा म्हणाला, मी आत्ताच जेवलो, आणि बोलता बोलता त्याचं पोट सगळ्यांना ऐकू जाईल असं गुरगुरलं. एक शाकाहारी झाला, तोही तोंडाला बर्गरचा सॉस लागलेला असताना. मोजानं धर्मसंकटात पडून चार घास घेतले, आणि त्यातले दोन रुमालात गेले.

"हे लोक उपाशी असतात असं ऐकलं होतं मी," व्हर्लिन मार्लिसला म्हणाला. तिच्या पुढ्यात ताट होतं आणि ती एकेक राजमा वेगळा करून चावत होती.

"आज ऊन फार आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात वाटेवरून एक माणूस लंगडत खाली आला. आडदांड, दाढीवाला, चाळिशी ओलांडलेला, बुटांचे तळ दोरीनं बांधलेले. त्याच्या पिशवीच्या मागं एक मोठं काळं पातेलं लटकत होतं आणि पावलागणिक वाजत होतं. घरांची छपरं घालणारा होता तो, वेस्ट व्हर्जिनियाचा. त्याला सगळे पातेलं म्हणत. तो मार्लिसच्या नेहमी एखाद-दोन दिवस मागं असायचा, म्हणून शपथेच्या वेळी तो हजर नव्हता. हजेरी घेताना मार्लिसला तो माहीतच नव्हता.

पातेलं अंगणात आला आणि थबकला. त्यानं नाक वर केलं. मग त्याची नजर ट्रकच्या मागच्या फळीवर गेली. तिथं पुढच्या प्रवासाची वाळवलेली पाकिटं ओळीनं रचून ठेवली होती, हिरव्या पट्ट्या लावलेली. त्यानं काठ्या टाकल्या, टोपी काढली आणि पाकिटावर हात फिरवला.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

"माझं. मी करतो," व्हर्लिन म्हणाला.

पातेलं पुढं आला आणि त्यानं व्हर्लिनचा डाव धरलेला हात दोन्ही हातांत घेतला. "भाऊ, मी घरी चाललो होतो. व्हर्जिनियात. खिशात बसचं तिकीट होतं. पोटात काही नव्हतं, पाऊस लागलेला, म्हटलं पुरे झालं. आणि फुकटपेटीत तुमची ही हिरवी पट्टी मिळाली. खाल्लं आणि झोपलो. सकाळी म्हटलं, पुढच्या गावापर्यंत जाऊन बघू. तिथं पेटीत परत ही. त्याच्या पुढच्या गावात परत ही. पुढं तर दुप्पट यायला लागली. मला वाटलं कुणीतरी मला बघतंय. इथवर मी तुमच्या जीवावर आलोय."

ओसरीवरची सगळी माणसं एकाएकी आपापल्या पायांकडं बघू लागली. मोजानं तोंडावर हात ठेवला.  चेहऱ्यावरून व्हर्लिन मनातल्या मनात गावं मोजत असावा.

"कसं असतं चवीला?" त्यानं शेवटी विचारलं.

"एक नंबर," पातेलं म्हणाला. "एका खेपेला दालचिनी जास्त होती. न्यूजर्सीत. ती मला आवडली. फक्त मीठ, भाऊ, पहिल्यापासून मीठ जास्त आहे. मी थोडा पांढरा भात मिसळतो, मग बरोबर होतं."

व्हर्लिननं डाव खाली ठेवला, हात पुसले आणि तो ट्रकमध्ये जाऊन बसला. इथं गॅरेज नव्हतं.

मार्लिस मागोमाग गेली आणि शेजारच्या सीटवर बसली. आयुष्यभर बसमध्ये मागून होणारा कल्ला ऐकलेल्या बाईला ती शांतता फार जड गेली. मग तिनं सगळं सांगितलं, टेनेसीतल्या पावसापासून. किती दिवस खाल्लं, कधी थांबवलं, कुठं कुठं सोडलं. रडली पण. म्हणाली, "मला तुझं जेवण नको होतं, व्हर्लिन. तू हवा होतास."

व्हर्लिन काचेतून समोर बघत होता. "टाकलंस त्याचं काही नाही," तो म्हणाला. "माणूस कंटाळतो. कारखान्यात मीसुद्धा चीज खात नव्हतो. पण दर वेळी तू मीठ अगदी बरोबर म्हणालीस. मी फोन ठेवला की तळघरात जायचो आणि तेवढंच मीठ घालायचो. आनंदानं घालायचो."

  बाहेर पातेलं पातेल्याला बिलगून बसला होता आणि तिसऱ्यांदा वाढून घेत होता. व्हर्लिनचं लक्ष हळूहळू तिकडं गेलं. माणूस रागावलेला असो की दुखावलेला, आपण केलेलं कुणी असं जेवत असेल तर नजर तिकडं जातेच. थोड्या वेळानं तो दार उघडून खाली उतरला आणि पातेलंशेजारी खुर्ची ओढून बसला. पुढं कुठल्या गावी थांबणार, असं त्यानं त्याला विचारलं. रताळी जाड चिरलेली बरी की बारीक, हेही विचारलं. अंधार पडेपर्यंत दोघं बोलत होते. पातेलंचं घरचं नाव रॉस्को, हे इतक्या महिन्यांत वाटेवर कुणाला ठाऊक झालं नव्हतं ते व्हर्लिनला पहिल्या तासात कळलं.

तिथून पुढची खोकी रॉस्कोच्या नावानं यायला लागली. मार्लिसच्या नावानंही एक लहान खोकं यायचं, त्यात दुकानातल्या नूडल्स आणि चॉकलेटं असायची, नीट रचलेली, हिरव्या पट्टीशिवाय. रॉस्को आता दोघींबरोबरच चालत होता. गावात पोचलं की व्हर्लिनचा फोन आधी त्यालाच यायचा. कमी मिठाचा राजमा, जाडसर रताळी, ढवळायच्या वेळा, सगळ्यांचा तपशीलवार अहवाल व्हायचा, आणि मार्लिस बाजूला उभी राहून आपली पाळी यायची वाट बघायची. पाळी आली की व्हर्लिन विचारायचा, तब्येत बरी आहे ना, पाय कसे आहेत, थंडी आहे का. सगळं विचारायचा. मीठ विचारायचा नाही.

हे तिला डोंगरांपेक्षा जड गेलं. न्यू हॅम्पशायरात गुडघे सोलून निघाले तेव्हा ती कुरकुरली नाही, पण फोन ठेवल्यावर दर वेळी मोजाकडं कुरकुरायची. मोजा म्हणायची, वेळ दे त्याला. मार्लिस म्हणायची, वेळ देतेच आहे, दुसरं आहे काय माझ्याकडं.

सप्टेंबरच्या शेवटी तिघं मेनमधल्या शेवटच्या मोठ्या जंगलात शिरली. तिथं मध्ये गाव नाही, दुकान नाही, फुकटपेटी नाही. जेवण पाठीवर घ्यायचं आणि पुरवायचं. व्हर्लिन जंगलाच्या पलीकडं, शेवटच्या डोंगराच्या पायथ्याशी ट्रक घेऊन येऊन बसला होता. आणि इथं हजेरीनं चूक केली. एका रात्री पाऊस लागला होता, हात गारठले होते, आणि जेवणाची पिशवी फांदीला टांगायचं तिच्या जिवावर आलं. तिनं ती निवाऱ्यातच उशाशी ठेवली. निवाऱ्यातली माणसं तिनं नेहमीप्रमाणं मोजली होती. उंदीर तिनं हजेरीत धरले नव्हते. सकाळी पिशवीला मनगट जाईल एवढं भोक होतं, नूडल्सचा भुगा झाला होता, आणि जे उरलं होतं त्यात उंदरांनी जे करायचं ते करून ठेवलं होतं.

मोजाकडं तिच्यापुरतंच होतं, तरी तिनं शेंगदाण्याचं लोणी वाटून घेतलं. दुसऱ्या दिवशी चढावर मार्लिसच्या डोळ्यांपुढं ठिपके नाचायला लागले. माथ्यावर पोचल्यावर ती खडकावर बसली आणि तिनं मोजणं बंद केलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. रॉस्कोनं आपलं काळं पातेलं काढलं, पाणी उकळलं, हिरवी पट्टी फाडली आणि थोड्या वेळानं तिच्या हातात चमचा दिला.

तिनं खाल्लं. पहिला घास भुकेनं, दुसरा जरा सावकाश. रताळी मऊ झाली होती, राजमा दाताखाली येत होता, दालचिनी मागाहून आली. तळघरातल्या यंत्राची घरघर तिला आठवली, आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर दम खात बसलेला व्हर्लिन. समोर, ढगांच्या वर, शेवटचा डोंगर दिसत होता. चमचा पातेल्याच्या तळाला लागेपर्यंत ती थांबली नाही. तळ दिसल्यावर तिनं त्यात पाणी ओतलं, बोटानं विसळलं आणि ते नारिंगी पाणी पिऊन टाकलं.

माथ्यावर फोनला थोडी रेंज होती. मोजानं आपला फोन तिच्यापुढं धरला.

"व्हर्लिन, मी बोलतेय. उंदरांनी माझं जेवण नेलं. आज मी तुझं खाल्लं, सगळं. फार छान होतं."

पलीकडं तो हसला, पण कोरडं. "छान होतं म्हणतेस. ते तर तू पहिल्यापासून म्हणतेस, मार्लिस. राहू दे. उतरताना जपून ये."

"अरे, खरंच सांगतेय."

"बरं."

वारा सुटला होता. तिला वाटलं रेंज गेली. फोन कानाला घट्ट लावून ती उभी राहिली. मग त्याचा आवाज आला, नको तो प्रश्न तोंडून निसटावा तसा.

"मीठ कसं होतं?"

"जास्त," मार्लिस म्हणाली. "खारट झालंय, व्हर्लिन. अजून फार खारट करतोस तू."

 पलीकडून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला.

"म्हणजे खाल्लंस," व्हर्लिन म्हणाला.